तीन मूर्ती भवन : नावातल्या तीन मूर्ती कोणाच्या?

दिल्लीतलं तीन मूर्ती भवन नेहरूंसाठी बांधलं आणि गांधी, नेहरू, पटेल या तिघांवरून त्याला नाव पडलं, असं काहींना वाटतं. तसं नाही. बंगला १९३० साली ब्रिटिश सरसेनापतीसाठी बांधला गेला, वास्तुविशारद रॉबर्ट टॉर रसेल. तेव्हाचं नाव फ्लॅगस्टाफ हाऊस. नेहरू आधी १७, यॉर्क रोडला राहायचे. इथे आले १९४८ मध्ये आणि शेवटपर्यंत, म्हणजे मे १९६४ पर्यंत, इथेच राहिले.

मूर्ती आहेत समोरच्या चौकात, १९२२ पासून, म्हणजे बंगल्याच्याही आधीच्या. दगडी स्तंभाभोवती ब्राँझचे तीन सैनिक उभे आहेत : हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या लान्सर्स (भालाईत घोडेस्वार) पथकांचे प्रतिनिधी. पहिल्या महायुद्धात या पथकांची मिळून एक घोडदळ ब्रिगेड होती. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी भाले-तलवारी घेऊन मशिनगनच्या माऱ्यात हैफा शहर (आता इस्रायलमध्ये) जिंकलं. त्यात मेजर दलपतसिंह कामी आले. देशातल्या इतक्या प्रसिद्ध वास्तूच्या नावामागे हे सैनिक आहेत, हे शाळेत शिकवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. २०१८ मध्ये चौकाच्या नावात 'हैफा' जोडलं गेलं, ते योग्यच झालं.

नेहरूंनंतर तिथे संग्रहालय झालं. पुढचे पंतप्रधान दुसरीकडे राहिले : शास्त्रीजी १०, जनपथला, इंदिराजी १, सफदरजंग रोडला. ७, रेसकोर्स रोडवर राहणारे पहिले पंतप्रधान राजीव गांधी; त्या रस्त्याचं लोक कल्याण मार्ग हे नामकरण २०१६ चं.