मदत हवी आहे: येऊरच्या जाळ्यातला चंदेरी कोळी

नमस्कार मंडळी. ठाण्यात येऊरच्या पायवाटेवर जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात, कडेच्या धाग्यांना लटकलेले इवलेसे कोळी दिसले. पोट टोकदार, पाऱ्यासारखं चकचकीत, टोकाला काळा डाग, पाय तांबूस. जाळ्याची मालकीण मोठी मादी मध्यभागी बसलेली आणि हे कडेला अडकलेली चिलटं बिनबोभाट पळवत होते. फार देखणे आहेत हो! थेरिडिइडी कुळातल्या अर्जिरोडीस प्रजातीचे (genus) असावेत, कारण ते असेच दुसऱ्याच्या जाळ्यात राहून खाणं चोरतात. पण त्यातली जाती (species) कोणती, अर्जिरोडीस फ्लॅवेसेन्स का? नराच्या डोक्यावर उंचवटे असतात, तेवढ्यावरून ठरवता येतं का? पकडून मारायचे नाहीत. मग मॅक्रो (अगदी जवळून) फोटो कोणत्या बाजूने काढू? जाणकारांनी कृपया सांगावं.