पंचगंगेच्या प्रदूषणावर आमदार बोलायला तयार आहेत, त्यांच्या हाती काय द्यावं?

नदीकाठ

शिरोळ तालुक्यात पंचगंगेवरच्या को. प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की फेब्रुवारी-मार्चपासून तुंबलेलं पाणी काळं पडतं, वर फेस येतो, मासे मरतात. तेरवाड बंधाऱ्याचं तर दरवर्षीचंच आहे. आमदार विधानसभेत विषय घ्यायला तयार आहेत. त्यांच्या स्वीय सहायकांनी एका पानाची टिपणी आणि सोबत कागद मागितलेत. ग्रामसभेचा ठराव, मेलेल्या माशांचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं तयार आहेत.

तारांकित (तोंडी उत्तराचा) प्रश्न द्यायचा की लक्षवेधी सूचना? एवढे कागद पुरतील का? आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर आलं तर पुढे काय? आमदार निधीतून काही होत असेल तर तेही सांगा.

कार्यवृत्त

दोन्ही द्या, पण आधी तारांकित. आकडे काढून घ्यायला तारांकित प्रश्न, आणि त्या आकड्यांवर मंत्र्यांकडून मुदत वदवून घ्यायला लक्षवेधी. औचित्याच्या मुद्द्यावर समाधान मानू नका. तो नोंदीला जातो, त्यावर मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं.

तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. प्रश्नोत्तराच्या तासात त्यातले मोजकेच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील येतात. खरं तर छापील उत्तरच जास्त उपयोगी, कारण ते पुढे कुठेही जोडता येतं. लक्षवेधी (विधानसभेचा नियम १०५) अधिवेशन चालू असताना देतात. विषय तातडीचा आणि ताजा हवा. त्यावर मंत्र्यांचं निवेदन येतं आणि सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात.

आता खरी मेख. बहुतेक प्रश्न वाया जातात ते शब्दरचनेमुळे. नेहमीचा मसुदा असा असतो:

‘(१) कारखान्यांनी रसायनयुक्त सांडपाणी सोडल्याने पंचगंगा नदीतील लाखो मासे मृत्युमुखी पडून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली?’

उत्तर येतं: ‘(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.’ विषय तिथंच संपला. पहिल्या भागात चार दावे कोंबलेत: कारखाने, रसायन, लाखो, आरोग्य. त्यातला एक जरी कागदावर सिद्ध नसला तरी खात्याला सगळंच नाकारता येतं. फार तर ‘अंशतः खरे आहे’ एवढं पदरात पडतं.

असं लिहा:

‘(१) मौजे तेरवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर येथील बंधाऱ्यातील पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने माहे जानेवारी व फेब्रुवारीत घेतले आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यात बीओडी व विरघळलेला प्राणवायू किती आढळला, (३) बंधाऱ्याच्या वरील बाजूस नदीत मिसळणारे किती नाले प्रक्रिया केंद्राकडे वळविले आहेत व किती शिल्लक आहेत, (४) शिल्लक नाले कोणत्या दिनांकापर्यंत वळविण्यात येणार आहेत, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

नमुने घेतले असतील तर यात ‘हे खरे नाही’ म्हणायला जागा नाही, आकडा द्यावाच लागतो. (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आकडा जितका मोठा तितकं पाणी घाण.)

खातं नीट निवडा. नमुने आणि संमतीपत्र (कारखान्याला मंडळाने दिलेली परवानगी) म्हणजे पर्यावरण, शहराचे नाले आणि मैला प्रक्रिया केंद्र म्हणजे नगरविकास, राधानगरी धरणातून पाणी सोडणं आणि बरगे काढणं म्हणजे जलसंपदा. सगळं एकाच प्रश्नात घातलंत तर निम्म्या भागाला ‘सदर बाब अन्य विभागाशी संबंधित आहे’ एवढंच उत्तर मिळेल. तीन वेगळे प्रश्न द्या. वरच्या मसुद्यातले (१) आणि (२) पर्यावरणाकडे, (३) ते (५) नगरविकासाकडे.

वेळेचंही बघा. मार्चचं अर्थसंकल्पीय अधिवेशन या विषयाला सगळ्यात सोयीचं. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात ‘सद्यःस्थितीत नदी प्रवाही असून पाणी प्रदूषित आढळले नाही’ असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं!

नमुना_बाटली

कागद पुरणार नाहीत. फोटोवरून मासे मेले एवढं कळतं, कशानं मेले ते नाही. पाण्याचे आकडे हवेत, तेही तीन ठिकाणचे: संशयित नाला मिसळतो त्याच्या वर, खुद्द नाल्यात, आणि मिसळल्यानंतर खाली जिथे पाणी पुरतं एकजीव झालंय तिथे. फक्त बंधाऱ्यातला नमुना दिला तर ‘वरूनच तसं आलं’ म्हणायला मोकळे.

बीओडीसाठी बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवून २४ तासांच्या आत, जमलं तर ६ तासांत, प्रयोगशाळेत पोचवा. सीओडीची (घाणीला लागणारा प्राणवायू रसायनाने मोजायची) बाटली वेगळी, त्यात आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणावा लागतो. आम्ल प्रयोगशाळेकडूनच घालून घ्या, घरचे प्रयोग नकोत. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी. विरघळलेला प्राणवायू मात्र जागेवरच मीटरने मोजा. बाटलीत नेईपर्यंत तो आकडा बदलतो.

ताडून बघायला: आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि प्राणवायू किमान ५ हवा. नदीत सोडायच्या औद्योगिक सांडपाण्याला बीओडी ३०, सीओडी २५०, सामू ५.५ ते ९. साखर कारखान्याला याशिवाय गाळपाच्या टनामागे २०० लिटरच सांडपाणी सोडायला परवानगी आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. तुमचा नमुना १९७४ च्या जल कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नसतो (कारखान्याला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, मोहोर, सह्या), त्यामुळे एकट्या त्याच्यावर खटला उभा राहत नाही. प्रश्न विचारायला आणि संयुक्त पाहणी मागायला मात्र तो भरपूर झाला.

नदीकाठ

मंडळाच्या पाहणीत प्राणवायू ५ च्या वर दाखवला आहे, आणि त्याच आठवड्यात मासे तरंगले. असं कसं?

नमुना_बाटली

पाहणीची वेळ बघा. दुपारची असणार. तुंबलेल्या पाण्यात शेवाळ असतं. उन्हात ते प्राणवायू सोडतं म्हणून दुपारी आकडा छान दिसतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं, वर मैल्यातले जिवाणू आहेतच. त्यामुळे पहाटे आकडा तळाला जातो आणि मासे मरतात ते तेव्हा. पहाटे साडेपाच आणि दुपारी दोन अशी दोन मोजमापं लागोपाठ तीन दिवस घ्या. संयुक्त पाहणीच्या पत्रात आमदारांना वेळ स्पष्ट लिहायला सांगा: ‘सूर्योदयापूर्वी’. तेवढा एक शब्द नसला तर पथक जेवणाच्या सुमारास येणार.

मासे तपासायला द्यायचे तर तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले, बर्फावर. फुगून वर आलेल्या माशावरून काही कळत नाही. पंचनाम्याला मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस हवाच.

आश्वासन_शोधक

‘कार्यवाही सुरू आहे’ यात धरून ठेवायला तारीख नसते. ‘तपासून घेऊ’ यातही नाही. ‘डिसेंबरअखेर तीन नाले वळवण्यात येतील’ हे पक्कं आश्वासन, आणि ते आश्वासन समितीकडे (मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का हे बघणाऱ्या) जातं. म्हणून लक्षवेधीत आमदारांचा उपप्रश्न एकच असू द्या: किती नाले, कोणत्या तारखेपर्यंत? भाषण त्यानंतर. कार्यवृत्त विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येतं, त्यातलं नेमकं वाक्य उचला आणि तारीख उलटली की आमदारांमार्फत समितीला पत्र द्या. दुसरी वाट विनंती अर्ज समितीची. तिथे नागरिकांचा अर्ज सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने जातो.

प्रश्न देण्याआधी मंडळाकडे माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, उत्तराला ३० दिवस. चार गोष्टी मागायच्या तर चार अर्ज करा: संमतीपत्राची प्रत, वर्षभराचे जेव्हीएस (संयुक्त दक्षता) नमुन्यांचे अहवाल, कारखान्याने मंडळाला दिलेल्या आणि जप्त झालेल्या बँक हमीचा तपशील, आणि सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या स्वतंत्र वीजमीटरची नोंद. शेवटचं बहुतेक जण विसरतात. यंत्रणा चोवीस तास चालते म्हणतात आणि मीटर महिनाभर हललेला नसतो.

आणखी एक खड्डा. पंचगंगेवर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या आहेत. प्रदूषणाला जबाबदार कोण, असं विचारलंत तर ‘बाब न्यायप्रविष्ट’ म्हणून सुटका करून घेतील. काम किती झालं, खर्च किती झाला, एवढंच विचारा.

अवघड मुद्दाही लिहितो. या पट्ट्यात आमदार आणि साखर कारखान्याचं संचालक मंडळ यांच्यात अंतर थोडं असतं. तुमच्याकडे तसं असेल तर नाल्यांचा प्रश्न आमदारांना द्या आणि कारखान्यांचा विधान परिषदेतल्या एखाद्या सदस्याला. मतदारसंघाबाहेरचा विषय मांडायला कुणाची आडकाठी नसते.

पाच_कोटी

निधीचं थोडक्यात. वर्षाला ५ कोटी, पण पैसे आमदारांच्या हातात नसतात. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करता येते, चालवण्याचा खर्च मिळत नाही. म्हणून गावाचं छोटं प्रक्रिया केंद्र मागण्याआधी त्याचं वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार कोण देणार हे ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या. ते ठरलेलं नसलं की पहिलं मोठं बिल थकतं, पंप बंद पडतो आणि सांडपाणी पुन्हा ओढ्यात.

नदीकाठ

समजलं. सध्याच्या ठरावात ‘कारखान्यांच्या रसायनामुळे’ असंच लिहिलंय. तो तसाच जोडला तर अडचण?

कार्यवृत्त

तसा जोडू नका. नवा ठराव घ्या: पाणी कोणत्या तारखेला काळं पडलं, किती वाजता, बरगे केव्हा घातले, मासे कुठून कुठपर्यंत तरंगले. कारण लिहायचं काम प्रयोगशाळेच्या अहवालाला करू द्या.