सिकलसेल (एसएस) असलेल्या बहिणीला मूल हवंय, अनुभव आणि माहिती हवी आहे

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नुसती वाहक नाही, एसएस, म्हणजे पूर्ण आजार. लहानपणापासून हातापायांत उठणारे क्रायसिस (तीव्र दुखण्याचे झटके), मधूनमधून रक्त चढवणं हे तिच्या पाठीलाच लागलेलं आहे. लग्न ठरताना नवऱ्याची एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतली होती. ती नॉर्मल आली, थॅलेसेमियाचंही काही निघालं नाही. म्हणजे बाळ वाहक होईल, आजारी नाही. तो घोर मिटला. आता घोर तिचा आहे.

अजून दिवस गेलेले नाहीत. आधीच विचारतेय, कारण ती हायड्रॉक्सियुरिया घेते आणि गर्भधारणेच्या किमान 3 महिने आधी ती बंद करावी लागेल असं तिच्या रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलंय. पण त्या गोळीनेच तर तिचे क्रायसिस आटोक्यात आलेत! गोळी बंद केली आणि दिवस राहायलाच वेळ लागला, तर मधला काळ काढायचा कसा?

एका डॉक्टरांनी फाइल चाळून "कशाला या फंदात पडता" एवढंच म्हटलं. बाहेर आल्यावर ती कितीतरी वेळ फाइलच्या बंदाची गाठ मारत-सोडत बसली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र नीट बसवून समजावलं. गरोदरपणात क्रायसिस वाढू शकतात, प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर त्रास) होऊ शकतो, रक्ताच्या गुठळ्या, छातीचा त्रास, दिवस भरायच्या आत बाळंतपण, बाळ वजनाला कमी भरणं, हे सगळं इतर बायकांपेक्षा जास्त दिसतं. बाळ पोटात दगावण्याचा आणि आईच्या जिवाचा धोकाही जास्त असतो. पण पहिल्यापासून नीट देखरेख असेल तर पुष्कळजणी सुखरूप बाळंत होतात, हेही त्यांनी सांगितलं.

ज्यांनी हे स्वतः किंवा घरात कुणाचं पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा. क्रायसिस येऊ नये म्हणून आधीपासूनच रक्त देत राहतात का? दुखायला लागलं तर काय घेता येतं? आणि सिझेरियनच करावं लागतं का?

प्रतिसाद

ताई, मी स्वतः एसएस आहे. माझा मुलगा आता शाळेत जातो. त्यामुळे "फंदात पडू नका" हे ऐकून वाईट वाटलं.

गोळी बंद करण्याआधी तपासण्या उरकून घ्या. हृदयाचा इको, डोळ्यांचा पडदा, किडनी, लघवीतलं प्रथिन. इको तर चुकवूच नका, कारण फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेला असेल तर गरोदरपण फारच धोक्याचं ठरतं. इतर औषधांची यादीही दाखवा. शरीरातलं जादा लोह काढण्याच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधंसुद्धा आधी थांबवावी लागतात. गोळीविना मधल्या काळात क्रायसिस वारंवार यायला लागले, तर काही डॉक्टर ठरावीक अंतराने रक्त देण्याचा विचार करतात.

एरवी सरसकट रक्त देत नाहीत. दर वेळी नव्या अँटिबॉडी तयार होण्याची भीती असते, मग पुढे जुळणारं रक्त मिळणं कठीण होतं. लागलंच तर नुसता रक्तगट जुळवून भागत नाही. सी, ई आणि केल हे घटकही जुळवलेलं रक्त मागा, आणि हे रक्तपेढीला आधीच कळवून ठेवा.

आणखी एक. गरोदर बाई दिसली की लोहाच्या गोळ्या हातात पडतात. हिमोग्लोबिन कमी दिसलं तरी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघितल्याशिवाय त्या सुरू करू देऊ नका, वारंवार रक्त घेतलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. फॉलिक अ‍ॅसिड मात्र रोज 5 मिलिग्रॅम. 12 व्या आठवड्यापासून मला कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन होती, प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यासाठी. दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने अजिबात नकोत, विशेषतः पहिल्या 12 आठवड्यांत आणि शेवटच्या महिन्यांत. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर घरी सोसत बसू नये, दवाखाना गाठावा. तिथे मॉर्फीन देता येतं.

घरी ऑक्सिमीटर ठेवा. सातव्या महिन्यानंतर एका रात्री माझ्या छातीत दुखायला लागलं, बोलताना धाप लागत होती, आकडा 91 वर आला. सासूबाई म्हणाल्या सकाळी बघू, नवऱ्याने ऐकलं नाही. अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोमची, म्हणजे सिकलसेलमुळे फुप्फुसांना होणाऱ्या गंभीर त्रासाची सुरुवात होती. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते मनात आणवत नाही.

सिकलसेल आहे म्हणून सिझेरियन लागतंच असं नाही. माझं बाळ आडवं होतं म्हणून करावं लागलं. बाळंतपणानंतर गाफील राहू नका, तेव्हाही क्रायसिस आणि गुठळ्यांचा धोका असतो. मला 6 आठवडे गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनची इंजेक्शनं होती.

धागाकर्ती

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला, लोहाचं आणि रक्तपेढीचं तिने वहीत उतरवून घेतलंय. इको पुढच्या आठवड्यात करतोय. एकच विचारायचं राहिलं, हायड्रॉक्सियुरिया परत कधी सुरू केलीत? अंगावर पाजताना चालते का?

प्रतिसाद

पाजणं थांबेपर्यंत मी घेतली नाही, माझ्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. तिचे क्रायसिस जास्त असतील तर पाजायचं किती दिवस, हे आधीच बोलून घ्या. इकोचा रिपोर्ट आला की इथे कळवा, आणि तिला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा.