मुक्त गोठ्यात उन्हाळ्याचं काय करता?

प्रश्न (शिरूर): आमच्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) गाई आता मुक्त गोठ्यात, म्हणजे न बांधता मोकळ्या असतात. दावं सुटल्यापासून खुरं सुधारली, माज (गाय फळवण्याची वेळ) लगेच ओळखू येतो. आधी नको म्हणणारे वडील आता पाहुण्यांना हौसेने गोठा दाखवतात. पण दुपारी गाई धापा टाकतात, संध्याकाळचं दूध घटतं. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) बसवू का?

उत्तर (मंचर): आधी पंखे. हवा हलली नाही तर फॉगरने नुसता दमटपणा वाढतो, गाईला उलट त्रास. पाण्याची टाकी सावलीत घ्या.

उत्तर (जुन्नर): वैरण पहाटे आणि रात्री जास्त टाका. पोटात चारा आंबताना उष्णता निघते, ती भर दुपारी नको. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) लागेल तेवढाच काढा, उघडा राहिला की तापतो.

प्रश्नकर्ता: पंख्यांचं पटलं. गव्हाणीवर आधी लावतो. पश्चिमेचा कडुनिंब मोठा होईतो हिरवी जाळी. पंख्यांचं तोंड कुठल्या दिशेला ठेवू?

उत्तर (मंचर): वाऱ्याच्या दिशेनेच. आणि धारेआधी गाई जिथे थांबतात तिथेही एक पंखा लावा, गर्दीत त्या तिथेच जास्त तापतात.