मदत हवी: डिचोलीत कुत्र्यासाठी डॉक्टर कसा निवडावा? वर्षाचा खर्च किती धरावा?

डिचोलीकर_7: चार महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, वजन 7 किलो. दोन महिन्यांचं असताना सेव्हन-इन-वनचा (अनेक रोगांवरच्या एकत्रित लशीचा) एक डोस झालाय, नंतर काहीच नाही. गल्लीत आलेल्या पथकाने मागच्या आठवड्यात एक इंजेक्शन टोचलं. आता काय काय राहिलं? डॉक्टर निवडताना काय बघायचं?

आंबेडोंगर: पथक मिशन रेबीज या संस्थेचं असेल तर टोचली ती फक्त रेबीजची लस. 2014 पासून गोव्यात ते ही लस फुकट देतात. पण "इंजेक्शन झालं" म्हणून लोक पार्वो (विषाणूचे जीवघेणे जुलाब), डिस्टेंपर (ताप-झटक्यांचा विषाणू), लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांची लस विसरतात, आणि पिल्लं जातात ती पार्वोनेच. सेव्हन-इन-वन लगेच द्या, 3 ते 4 आठवड्यांनी पुन्हा. लेप्टोचे दोन डोस 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने पडले तरच उपयोग. तुमचा पहिला एकटाच राहिला, तो धरू नका. पावसात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टो येतो, माणसालाही होतो. पुढच्या वर्षापासून बूस्टर मे महिन्यातच उरकत जा.

लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. वीज गेल्यावर फ्रीजचं काय करता, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या.

वैद्य_काका: लस आणि जंताच्या औषधासाठी तालुक्याचा सरकारी गुरांचा दवाखाना पुरे. मोठं काही निघालं तर पणजीत टोंकचा, मडगावात सोनसोडोचा सरकारी दवाखाना. खाजगी डॉक्टर ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: सीबीसीचा (रक्तपेशी मोजायच्या तपासणीचा) रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का? रात्री फोन कोण घेतं? सलाइन लावून दिवसभर ठेवायची सोय आहे का? पार्वोत तिसऱ्या प्रश्नावर जीव अवलंबून असतो. पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असतो, तो पाहून घ्या.

हिशेबी_शेणवी: खर्चाचं सांगतो. लोक लशीचे पैसे मोजतात, पण गोव्यात खिसा रिकामा होतो तो गोचिडांनी. गोचीड चावून होणारा एर्लिकियाचा ताप आला की डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक), किलोला दिवसाला 10 मिग्रॅ, 28 दिवस. पिल्लू मोठं होऊन 18 किलोचं झालं तर दिवसाला 180 मिग्रॅ. गोळी स्वस्तच असते. महाग पडतं ते प्लेटलेटसाठी पुन्हा पुन्हा करायचं सीबीसी, आणि रक्त द्यावं लागलं तर विचारूच नका. त्यापेक्षा गोचिडांची गोळी नियमित द्या: अफॉक्सोलॅनर महिन्याला, फ्लुरालॅनर 12 आठवड्यांना. फिट येणारा कुत्रा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळी वजनाच्या गटानुसार येते, म्हणून वाढत्या पिल्लासाठी वर्षाचा साठा करू नका. मोठी गोळी कापून दोनदा द्यायची युक्तीही नको, दोन्ही तुकड्यांत औषध सारखं असेलच असं नाही.

तर बूस्टर, दर तीन महिन्यांचं जंताचं औषध आणि गोचिडांच्या गोळ्या यांची बेरीज करा, बाराने भागा. तेवढे दरमहा बाजूला. नसबंदीचा आकडा वेगळा धरा, आणि आता बूक करण्याआधी लेखी विचारा: आधीची रक्ततपासणी, भूल, टाके, गळ्यातली कॉलर यांतलं दरात काय काय धरलंय? वजन वाढलं की भूल वाढते, बिलही.

डिचोलीकर_7: विमा घ्यावा का? आणि ताप वाटला तर क्रोसिन चालेल?

वैद्य_काका: क्रोसिन, ब्रुफेन काहीही घरून देऊ नका. ब्रुफेनने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीही तिच्या जिवावर बेतते. गुदद्वारातून थर्मामीटरने मोजा: 101 ते 102.5 फॅरनहाइट नॉर्मल. 103.5 च्या वर, हिरड्या पांढऱ्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी.

हिशेबी_शेणवी: विम्यात सहीआधी प्रतीक्षा काळ, वयाची मर्यादा आणि "टाळता येणारे आजार" हे कलम वाचा. लसकार्डात खंड पडला असेल तर दावा तिथेच अडतो. गावठी कुत्रा घेतात का, हेही विचारा.

डिचोलीकर_7: कळलं. सोमवारी सरकारी दवाखान्यात नेतो. देव बरें करूं.