सोसायटी ग्रुपवरील चर्चा : कॅल्क्युलेटरवर अपूर्णांक कसे भरावेत?

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. मुलीच्या गृहपाठात १/२ ÷ ३/४ असे उदाहरण आहे. पुस्तकात उत्तर २/३ दिले आहे आणि आमचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ०.०४१६६… दाखवतो. आकडे तीनदा भरून पाहिले, बॅटरीही बदलली. यंत्रातच दोष असावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-१०२ : बिघडलेले यंत्र तीनही वेळा तेच उत्तर देईल असे वाटत नाही. कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, ते लिहाल का?

बी-३०४ : १, भागाकार, २, भागाकार, ३, भागाकार, ४ आणि शेवटी बरोबरचे चिन्ह.

डी-६०१ : म्हणजे यंत्राने तुमच्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर दिले आहे, फक्त तो प्रश्न पुस्तकातला नव्हता. भागाकाराची चिन्हे एकापाठोपाठ आली की कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे जातो. त्याने १ ला २ ने भागले, आलेल्या अर्ध्याला ३ ने भागले आणि त्या १/६ ला पुन्हा ४ ने भागले, म्हणून १/२४ आले आणि ते तुम्हाला दशांशात दिसले. ३/४ ही एकच संख्या आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. ते सांगण्यासाठी अपूर्णांकाची वेगळी कळ असते. मॉडेल कोणते आहे?

बी-३०४ : कॅसिओचे एफएक्स-८२एमएस आहे, मॅडम.

डी-६०१ : त्यावर ‘ए बी/सी’ अशी कळ सापडेल. १, ती कळ, २, मग नेहमीचा भागाकार, पुढे ३, ती कळ आणि ४ असे दाबा. पडद्यावर १⌟२÷३⌟४ दिसेल. काटकोनासारखी ती बारीक खूण म्हणजे अपूर्णांकाची रेघ, आणि तिने जोडलेले अंश व छेद भागाकाराच्या आधी एकत्र धरले जातात.

बी-३०४ : २⌟३ आले! आम्ही इतके दिवस ती कळ शोभेची समजत होतो. आता पुढच्या उदाहरणात १ पूर्णांक २/३ आणि पावणेतीन यांची बेरीज आहे. पावणेतीन कसे भरायचे?

डी-६०१ : आपण तोंडाने एका शब्दात पावणेतीन म्हणतो, पण यंत्राला त्याचे तीन भाग सुटे करून द्यावे लागतात. पूर्णांकयुक्त अपूर्णांकासाठी तीच कळ दोनदा वापरायची, म्हणजे २, कळ, ३, कळ, ४. बेरजेचे उत्तर ४⌟५⌟१२ येईल. ते आल्यावर शिफ्ट दाबून पुन्हा तीच कळ दाबली की ५३⌟१२ हे अंशाधिक रूप मिळते, आणि शिफ्ट न दाबता नुसती कळ दाबली की ४.४१६६… असे दशांश रूप दिसते. छेद समान करण्याची पायरी मात्र तिला वहीत लिहू द्या, कारण यंत्र ती दाखवत नाही.

सी-४०५ : आमच्याकडे ईएस प्लस मालिकेतला आहे, त्यावर अपूर्णांक पुस्तकातल्यासारखा वर-खाली दिसतो. दोन चौकटी असलेली कळ दाबायची, वर अंश भरायचा, खालच्या बाणाने छेदात यायचे; पूर्णांकयुक्त अपूर्णांकाची चौकट त्याच कळीवर शिफ्टने मिळते. मुलगा पहिल्याच दिवशी फसला होता. त्याने १/२ + ३ भरताना छेदातला २ लिहिल्यावर उजवा बाण न दाबताच अधिक ३ लिहून टाकले, त्यामुळे ‘+ ३’ छेदातच जाऊन बसले आणि साडेतीनऐवजी १/५ उत्तर आले. रेघ कुठपर्यंत लांबली आहे हे बरोबरचे चिन्ह दाबण्याआधी पाहावे, तेवढ्याने ही चूक लगेच लक्षात येते. उत्तर दशांशात हवे असेल तर ‘एस⇔डी’ ही कळ आहे.

ए-१०२ : एवढा खटाटोप कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही. मी १/३ च्या जागी ०.३३ लिहितो आणि माझे काम भागते.

डी-६०१ : काका, त्या ०.३३ ला १२ ने गुणून पाहा. ३.९६ येतील, आणि १/३ च्या १२ पट तर नेमके ४ होतात. आवर्ती दशांश मध्येच तोडला की तुटलेला तुकडा पुढच्या प्रत्येक गुणाकारात मोठा होत जातो. अपूर्णांक म्हणून ठेवलेली संख्या अशी झिजत नाही.

ए-१०२ : हे मान्य. पण माझ्याकडेही एमएसच आहे, आणि आत्ता गंमत म्हणून १/९९७ + १/१००९ ही बेरीज तुमच्याच कळीने केली तर उत्तर दशांशातच आले. मग ती कळ कुठे गेली?

डी-६०१ : उदाहरण नेमके शोधलेत! उत्तर २००६/१००५९७३ आहे. एमएस मालिकेत पूर्णांक, अंश, छेद आणि मधल्या खुणा मिळून दहापेक्षा जास्त जागा लागल्या की उत्तर आपोआप दशांशात जाते, आणि इथे बारा लागतात. अपूर्णांकात एखादी दशांश संख्या मिसळली तरी तसेच होते. १/२ + १.६ केले की २.१ येतात. शालेय उदाहरणांत पहिली अडचण क्वचितच येते. त्याहून घात होतो तो वर्गाच्या वेळी. २, कळ, ३ आणि लगेच वर्गाची कळ दाबली, तर एमएसवर वर्ग फक्त ३ चा होतो आणि २/९ मिळतात. सबंध अपूर्णांकाचा वर्ग हवा असेल तर त्याला आधी कंसात घालावे.

बी-३०४ : कंस घालून ४/९ आले, आणि कंसाशिवाय खरोखरच २/९. मुलीने दोन्ही उत्तरे वहीत शेजारीशेजारी लिहिली आहेत. तिच्या गृहपाठात आणखी सहा उदाहरणे उरली आहेत. आता ती म्हणते की मी फक्त शेजारी बसावे आणि कळांना हात लावू नये.