तांबडा रस्सा आणि रेड वाइन

नमस्कार मंडळी,
येत्या शनिवारी इथे मेलबर्नला आमच्या घरी आठजण जेवायला आहेत. बेत तांबडा रस्सा, सुकं मटण आणि भाकरी. मागच्या खेपेला कॅबर्ने सोव्हिन्यों नावाची चांगली महागातली रेड वाइन आणली, तर पहिल्याच घोटाला तोंड कोरडंठाक आणि रस्सा दुप्पट तिखट! बाटली तशीच राहिली. आम्हा दोघांनाही वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. पंचवीस डॉलरपर्यंत काय आणावं?
– ग्लेन वेव्हर्लीहून

ताई,
बाटली वाईट नव्हती, जोडी जमली नाही. तोंड कोरडं करतं ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा. कोरा चहा जास्त उकळला की जीभ ओढल्यासारखी होते ना, तेच. त्यात दूध घातलं की दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात आणि चहा मऊ लागतो. स्टेकबरोबर कॅबर्ने जमते ती याच हिशेबाने. रश्श्यात मात्र मिरचीचं राज्य. तिखटाने पोळलेल्या जिभेवर टॅनिन खरखरतं आणि जास्त अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं.

म्हणून दुकानात किमतीच्या आधी लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ, तीही रेडच, बऱ्याचदा 14.5 टक्के किंवा त्याच्याही वर असते, ती या बेताला नको. आपल्या मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीची पिनो न्वार ही रेड घ्या, 13 च्या आसपासची. पातळ सालीचं द्राक्ष, त्यामुळे टॅनिन बेताचं. फ्रान्सची बोझोले ही हलकी रेड मिळाली तरी चालेल.

आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ‘रेड खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक. आपण जुलैत हीटर लावून बसतो!

सुक्या मटणात मिरी सढळ असेल तर आपल्या व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्स डोंगरांकडची, थंड हवेतली शिराझ आणून बघा. तिला मिरीचा वास येतो तो मनाचा खेळ नाही. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य दोन्हींत असतं, आणि इथल्या ऑस्ट्रेलियन संशोधकांनीच 2008 मध्ये ते दाखवून दिलं.

पाहुण्यांत कोणाला बिनसाखरेचा कोरा चहा किंवा आवळा मनापासून आवडतो का? त्यांना कॅबर्ने रुचेल, पण ती रोस्ट लॅम्बच्या दिवशी.
– क्लेटनचा काका

काका, मग आमच्या बांगड्याच्या तिखल्याला कुठली?
– एक मालवणी

रेड नकोच. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. बांगडा तर तेलकटच. थंडगार रीसलिंग, म्हणजे व्हाइट वाइन घ्या. नाहीतर सोलकढी आहेच, तिच्यापुढे कोणाचं काय चालणार!
– काका

काका,
पिनो आणली, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. रश्श्याबरोबर खरंच त्रास झाला नाही. सासूबाईंनी चमचाभर चाखून ‘जांभळासारखी आहे की’ म्हटलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. शिराझ मात्र अर्धीच संपली, कारण चौघांना गाडी चालवायची होती. ती किती दिवस टिकेल?
– ग्लेन वेव्हर्लीहून

झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस. प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढा. चव आंबूस झाली तर मटण मुरवायला वापरा.
– काका